उपाशी दुपारी येणारा माणूस

लाँड्रीवाल्या काकूंना सगळी गल्ली कडक काकू म्हणायची. या नावाला दोन अर्थ होते आणि दोन्ही खरे होते. एक त्यांच्या हातच्या कांजीचा. त्यांनी कांजी दिलेली कॉलर अशी ताठ उभी राहायची, की ती घालणाऱ्याला दिवसभर मान खाली घालायची सोय नसे. दुसरा स्वभावाचा. एखादं गिऱ्हाईक जरा लवकर द्या म्हणालं, की काकू मान वर न करता म्हणायच्या, "घाई असेल तर चुरगळलेलंच घालून जा." लोक हसायचे आणि मुकाट थांबायचे.

दुकान चिंचोळं होतं. रस्त्याच्या बाजूला काउंटर, त्यामागे जाड ब्लँकेट अंथरलेलं इस्त्रीचं लांब टेबल, मग धुलाईची दोन यंत्रं आणि अगदी आत वाळवायची खोली. त्या खोलीत भिंतीलगत, जमिनीपासून वीतभर उंचीवरून बॉयलरच्या वाफेची नळी गेलेली होती. थंडीच्या दिवसांत दुकानात ऊब असायची ती तिथेच. जिना चढून गेलं की राहायच्या दोन खोल्या. चाळीसेक पावलांत संसार संपायचा, असं काकू म्हणायच्या, आणि त्या संसारात मूलबाळ नव्हतं; होते फक्त त्या आणि त्यांचे हे.

'हे' म्हणजे मालक. मालकांचं काम इस्त्रीचं, काकूंचं धुण्याचं, कांजीचं आणि तुटलेली बटणं लावण्याचं. वाफेची इस्त्री येऊन जमाना झाला होता, तरी मालक ओंजळीत पाणी घेऊन बोटांनी कपड्यावर शिंपडत. तो सप्-सप् आवाज काकूंना इतका अंगवळणी पडला होता, की तो थांबला तरच त्यांचं लक्ष जायचं. आणि मालकांना एक खोड होती. काकूंनी वाळलेले कपडे आणून टेबलावर टाकले, की लांबूनच, हातातलं काम न सोडता ते म्हणायचे, "बाही उलटी आहे." त्या शंभर कपड्यांच्या ढिगात कुठेतरी एका सदऱ्याची बाही उलटी असायचीच. काकूंचा जळफळाट व्हायचा.

मालकांना साखरेचा आजार होता. तो त्यांनी घरी आलेल्या पाव्हण्यासारखा वागवला. असेल तर असू दे, जाईल तेव्हा जाईल. गोळ्या आठवल्या तर घ्यायच्या. बिस्किटांचा पुडा काउंटरखाली. काकू बोलायला लागल्या की म्हणायचे, "अगं, तुझ्या जिभेवर नाही म्हणून माझ्या रक्तात जमा झाली." पुढे त्यांच्या पायांना मुंग्या यायला लागल्या. रात्ररात्र तळवे चोळत बसायचे. मग एका हंगामात मुंग्या आपोआप थांबल्या, आणि मालकांनी जाहीर केलं की आजार बरा झाला. काकूंनीही मानलं. मुंग्या थांबल्या म्हणजे पाय बरा झाला नाही, पाय मुका झाला, हे तेव्हा दोघांनाही कळलं नाही.

एका थंड सकाळी मालक वाळवायच्या खोलीत चादरींच्या घड्या करत उभे होते. काकूंना जळका वास आला. त्यांना वाटलं, टेबलावर इस्त्री राहिली. त्या धावत टेबलाकडे गेल्या. इस्त्री उभी होती, थंड. मग त्यांनी यंत्रं पाहिली, तारा पाहिल्या. वास वाढत गेला. शेवटी आतल्या खोलीत आल्या तर मालक एक पाय त्या गरम नळीला टेकवून उभे होते. चपलेचं रबर वितळून नळीला चिकटलं होतं, आणि पाय तिथेच होता. मालक शीळ घालत होते. काकूंच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "काय जळतंय गं?"

तो प्रश्न काकूंच्या डोक्यातून पुढे कधीच गेला नाही. जखम भरली नाही. आधी बोटं काढली, मग पाऊल, मग घोट्याच्या वरपर्यंत. वर्ष उलटायच्या आत मालक गेले. शेवटी शेवटी ते पांघरुणाखाली हात घालून नसलेला पाय चाचपत आणि म्हणत, आता दुखतोय बघ.

मालक गेल्यावर त्यांची थोरली बहीण काकूंकडे राहायला आली. काकू तिला वन्सं म्हणायच्या. वन्संनी उभं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडून दिले होते. लग्न केलं नव्हतं. म्हणायच्या, दुसऱ्यांच्या जोडण्यातच दिवस गेला. बोलून बोलून त्यांचा आवाज इतका गोड झाला होता की त्या रागावल्या आहेत हे समोरच्याला दुसऱ्या दिवशी कळायचं. चहात तीन चमचे साखर घालायच्या, आणि तपासणीत मात्र साखर अगदी हवी तेवढी. काकूंना हा देवाघरचा उघड अन्याय वाटायचा.

वन्संनीच काकूंना हाताला धरून दवाखान्यात नेलं. भावाचं झालं ते वहिनीचं होऊ नये, एवढाच हेतू. आणि निघाली. काकूंनाही साखर निघाली. फार नव्हती. डॉक्टर म्हणाले, घाबरायचं काही नाही, ही गोळी सकाळी न्याहारीच्या आधी घ्या आणि तिन्ही वेळा वेळेवर जेवा. वाक्यात दोन गोष्टी होत्या. काकूंनी एकच ऐकली.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. काकूंनी तर ताकाचा पेलाच उलथून टाकला. घरातली साखर, गूळ, बटाटे, तांदूळ, सगळं त्यांनी वन्संच्या कपाटात हलवलं. स्वतः उकडलेली पालेभाजी आणि पातळ डाळीचं पाणी. त्यांचा हिशोब सरळ होता. साखर जास्त झाल्यानं पाय जातो, तर कमी झालेली बरी, आणि अजिबात नसलेली सगळ्यात बरी. गोळी मात्र न चुकता. मालकांनी चुकवली होती, त्या चुकवणार नव्हत्या.

पहिल्यांदा घडलं ते एका दुपारी. दुकानात कुणी नव्हतं. सकाळी गोळी घेतलेली, न्याहारीला अर्धी काकडी, आणि दुपारचं जेवण एका लॉजच्या चादरींपायी लांबलेलं. काकू इस्त्री करत होत्या. अचानक हात कापायला लागला. मानेवर गार घाम आला, छातीत धडधडलं, टेबलाच्या कडा पाण्याखाली दिसाव्यात तशा हलायला लागल्या. आणि पाठीमागून सप्-सप् असा आवाज आला.

काकू वळल्या. चादरींच्या ढिगावर मालक बसले होते. बनियन, मळखाऊ पँट, आणि खाली दोन्ही पाय. दोन्ही. त्यांनी काकूंच्या हातातल्या सदऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाही उलटी आहे."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. यांची मेल्यावरही गेली नव्हती. काकूंना हसू आलं. भीती वाटायच्या आधी हसू आलं, हे त्यांना नंतर फार विचित्र वाटलं. तेवढ्यात वन्सं वरून चहाचा कप घेऊन आल्या आणि, सवयीनं, साखर घातलेला कप काकूंच्या हातात दिला. काकू तो न बघताच प्यायल्या. थोड्या वेळानं हात थांबला, टेबलाच्या कडा जागच्या जागी आल्या, आणि ढिगावर फक्त चादरी उरल्या.

काकूंनी कुणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी वेळेवर चार घास खाल्ले; मालक आले नाहीत. त्यानंतरच्या दिवशीही नाहीत. मग एकदा पुन्हा जेवण लांबलं आणि ते आले. बाईनं आयुष्यभर कांजीचं प्रमाण अंदाजानं साधलं होतं. हे प्रमाण साधायला तिला किती वेळ लागणार? गोळी घ्यायची, न्याहारी टाळायची, दुपार टळू द्यायची, आणि टेबलाशी उभं राहून वाट बघायची. आधी हात कापायचा, मग घाम, मग तो आवाज. कंप म्हणजे त्यांच्या जिन्यावरच्या पावलांचा आवाज, असं काकूंना वाटायला लागलं. भुकेची वेळ त्यांच्या भेटीची वेळ झाली.

मालक फार बोलत नसत. काकूंना जे आधीच माहीत असे तेच बोलत. कफ ओला आहे. लॉजवाल्याची गाडी येईल. कधी नुसतेच बसत. काकू त्यांना विचारायच्या, "तुम्हाला खरंच कळलं नव्हतं का हो? पाय भाजताना?" ते काकूंच्या हातांकडे बघत राहायचे. उत्तर यायच्या आत भान सुटायला लागायचं, आणि काकूंना काउंटरवर वन्संच्या चहासाठी ठेवलेली चमचाभर साखर किंवा गिऱ्हाइकाच्या पोरानं ठेवलेलं चॉकलेट तोंडात टाकावं लागायचं. तोंडात गोड उतरलं की ते जायचे. स्वतःच्या हातानं त्यांना घालवून देतोय असं वाटायचं.

वन्संच्या लक्षात आलं नाही असं नाही. ज्या बाईनं वर्षानुवर्षं दोन टोकांच्या माणसांचं बोलणं कानावर घेतलं, तिला एका टोकाचं बोलणं लगेच ओळखू येतं. जिन्यात उभ्या राहून त्यांनी काकूंना बोलताना ऐकलं. आधी वाटलं, दुःख आहे, बोलू दे. मग एका संध्याकाळी त्यांनी विचारलंच. काकूंनी ताकास तूर लागू द्यायची नाही असं ठरवलं होतं, पण वन्संचा आवाजच असा की लाइन जोडली जायची. काकू म्हणाल्या, ते येतात. दुपारी.

वन्संनी खाली बघत विचारलं, "माझ्याबद्दल काही विचारतो का?"

"नाही," काकू म्हणाल्या.

वन्सं उठून आत गेल्या, आणि त्या रात्री त्यांनी जेवताना वाढून घेतलेला भात तसाच ठेवला. काकूंना वाईट वाटलं, पण थोडं बरंही वाटलं, की ते फक्त आपल्याकडे येतात.

पुढचे काही आठवडे मात्र काहीतरी बिनसलं. कंप येईना. घाम येईना. काकू उपाशी उभ्या राहायच्या आणि मालक कुठल्याही चाहुलीशिवाय एकदम समोर असायचे, पण पाठमोरे, आणि क्षणभरच. मग तेही थांबलं. त्याऐवजी अख्ख्या दुपारी आठवणीतून गळून पडायला लागल्या. काकू इस्त्री हातात घ्यायच्या आणि पुढचं आठवायचं ते एकदम संध्याकाळचं. ओठांवर कसलंतरी गोड चिकटलेलं आणि टेबलावर घड्या झालेल्या सदऱ्यांची चळत. काकू बाह्या पोटावर दुमडायच्या, ही त्यांची पद्धत. चळतीतल्या सदऱ्यांच्या बाह्या पाठीवर, एकमेकींवर फुली मारल्यासारख्या दुमडलेल्या होत्या. तशी घडी फक्त मालक घालायचे.

काकूंच्या अंगावर सरसरून काटा आला. त्यांनी ती चळत उघडली नाही, तशीच गिऱ्हाइकाला दिली. गिऱ्हाईक म्हणालं, घडी फार छान झाली आहे यावेळी.

आणि मग तो दिवस आला. वन्सं वर झोपल्या होत्या. त्यांना जाग आली ती जळक्या वासानं. त्या खाली उतरल्या तेव्हा काकू टेबलाशी उभ्या होत्या आणि इस्त्री एका उशीच्या अभ्र्यावर जागच्या जागी दाबून धरली होती. अभ्रा तपकिरी झाला होता, खालचं ब्लँकेट धुमसत होतं. काकूंचे डोळे उघडे होते. वन्संनी हाक मारली तर काकूंनी त्यांच्याकडे बघून, जड जिभेनं, दारुड्यासारखं विचारलं, "काय जळतंय गं?"

वन्संनी इस्त्रीची पिन ओढली आणि सरबताचा ग्लास करून आणला. काकूंनी दात घट्ट मिटले. ग्लास ढकलला, सरबत अंगावर सांडलं, वन्संच्या गालावर एक ठेवून दिली आणि म्हणाल्या, विष देता. वन्सं आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं ओरडल्या. त्या आवाजानं काकू दचकल्या आणि त्या दचकण्यात दोन घोट पोटात गेले. मग आणखी दोन. मग शेजारच्या दुकानदाराला बोलावून त्यांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं.

दवाखान्यात साखरेच्या आजाराचं बघणाऱ्या एक सिस्टर होत्या. उंच, थकलेल्या, आणि बोलताना एक शब्द इकडेतिकडे न करणाऱ्या. त्यांनी काकूंच्या बोटाला टोचलं, मशीनकडे पाहिलं, आणि वन्संना म्हणाल्या की सरबत पोटात गेल्यावरही एवढीच आहे, तर आधी किती असेल. गोळीचा अंमल अजून बाकी होता, म्हणून काकूंना संध्याकाळपर्यंत तिथेच झोपवून ठेवलं आणि मधूनमधून टोचून बघत राहिले.

शुद्ध नीट आल्यावर सिस्टर खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी काकूंना विचारलं, रोज काय खाता. काकूंनी सांगितलं. सिस्टरनी ते ऐकून घेतलं आणि रागावल्या नाहीत, हेच काकूंना जास्त लागलं.

"ही गोळी आंधळी असते," सिस्टर म्हणाल्या. "पोटात अन्न आहे की नाही ते ती बघत नाही. साखर उतरवत राहते. वर गेलेली साखर माणसाला वर्षं घेऊन खाते. खाली गेलेली एका दुपारी खाते."

मग त्यांनी समजावलं, की रक्तात साखर लागतेच. डोकं तिच्यावरच चालतं. सत्तरच्या खाली आली की धोका. हात कापतो, घाम येतो, धडधडतं, भूक लागते. ती शरीरानं दिलेली हाक असते. तेव्हा तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पाव तास बसायचं, पुन्हा बघायचं, आणि मग व्यवस्थित जेवायचं. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काही ओतायचं नाही, ठसका लागून जीव जातो. सरळ गाडी बोलवायची. हे शेवटचं त्या वन्संकडे बघून म्हणाल्या. वन्संच्या गालावर बोटं उमटलेली होती.

"तुम्हाला आज कंप जाणवला होता?" सिस्टरनी विचारलं.

काकू म्हणाल्या, नाही. पूर्वी यायचा, हल्ली येत नाही.

"येणार नाही. सारखी सारखी साखर खाली गेली की शरीर हाक मारायचं सोडून देतं. कुणी ऐकतच नाही म्हटल्यावर किती वेळ ओरडेल?" मग त्यांनी विचारलं, "कंपाबरोबर आणखी काही व्हायचं का? काही दिसायचं, ऐकू यायचं?"

वन्संनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, नाही.

पण काकूंच्या काळजात काहीतरी लख्ख झालं होतं. हाक. म्हणजे तो सप्-सप् आवाज, ढिगावर बसलेला माणूस, बाही उलटी आहे. ती हाक होती का? हे येत होते ते सांगायला येत होते का, की जळतंय, बघ? आणि आपण त्यांना रोज बोलावून, बसवून, गप्पा मारून, ते सांगत होते तेवढंच ऐकलं नाही? की तिथे कुणी नव्हतंच, आणि उपाशी डोकं स्वतःशीच बोलत होतं? या दोन्हींतलं कुठलं जास्त भयंकर, ते काकूंना ठरवता येईना.

त्यांनी सिस्टरना एकच प्रश्न विचारला. ही हाक परत येते का?

"येते," सिस्टर म्हणाल्या. "काही आठवडे साखर एकदाही खाली जाऊ दिली नाहीत, तर परत ऐकू यायला लागते."

डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, सौम्य. काकूंनी वेळेवर जेवायला सुरुवात केली आणि वन्संना वाटलं, वहिनी शहाणी झाली. ते पूर्ण खरं नव्हतं. काकू जेवत होत्या ते त्यांना परत ऐकू यावं म्हणून. पोटभर राहिल्यानंच ते परत येणार असतील, तर पोटभर राहू. मनात असा डाव ठेवून त्या ताटावर बसायच्या. न्याहारीला अंडं आणि जाडसर पावाचा तुकडा, दुपारी डाळ, भाजी, मुठीएवढा भात, चार वाजता थोडे शेंगदाणे. जेवण झाल्यावर वन्संबरोबर गल्लीच्या टोकापर्यंत चालून यायचं. बोटाला टोचायचं, आकडा बघायचा. फार वर नाही, फार खाली नाही. रेशमाला इस्त्रीचा एक ताव लागतो, सुताला दुसरा, आणि दोन्ही चुकले तर कापड आपलं राहत नाही, हे काकूंना कुणी शिकवायची गरज नव्हती. गरज होती ती ते स्वतःच्या अंगाला लावण्याची.

आणि शरीराचं असं असतं, की ते डाव ओळखत नाही. तुम्ही कुठल्याही कारणानं जेवलात तरी अंगी लागतं. काकूंच्या गालांवर जरा मांस आलं. संध्याकाळी डोकं दुखायचं थांबलं. सदऱ्यांच्या बाह्या पुन्हा पोटावर दुमडलेल्या दिसू लागल्या, रोज, सगळ्या. काकू चळत उलटीपालटी करून बघायच्या. फुलीची घडी परत दिसली नाही. ज्या दुपारी त्यांनी तशी घडी शोधली नाही, त्या दुपारी त्यांना एकदम रडू कोसळलं. वन्सं जिन्यात उभ्या राहिल्या, खाली आल्या नाहीत.

पुढे एकदा वन्सं डोळे तपासायला गेल्या होत्या आणि लॉजची गाडी ठरल्यापेक्षा दुप्पट चादरी टाकून गेली. त्यातच एक यंत्र अडलं. काकूंनी मुद्दाम काही केलं नव्हतं. खरंच जेवण राहिलं. ऊन टेबलावरून सरकून भिंतीवर चढलं, आणि काकूंच्या बोटांना बारीक कंप सुटला. मानेवर घामाचा गार थेंब आला.

काकू जागच्या जागी थांबल्या. शरीराला आवाज फुटला होता.

समोरच्या फळीवर साखरेची वाटी होती, वन्संनी ठेवलेली. हात पुरण्याइतकी जवळ. काकूंनी हात पुढे केला नाही. त्या ऐकत राहिल्या. दुकानात कुणी नव्हतं, रस्त्यावरही वर्दळ नव्हती. धडधड वाढली. भिंतीवरचं ऊन पाण्यासारखं हललं. आणि मग पाठीमागून, वाळवायच्या खोलीच्या बाजूनं, सप्-सप्, ओंजळीतलं पाणी बोटांनी उडवल्याचा आवाज आला.

त्या वळल्या असत्या तर दिसले असते. याबद्दल काकूंच्या मनात तेव्हा शंका नव्हती आणि पुढेही नव्हती. पाठीला ती नजर जाणवत होती, हातांवर खिळलेली. एवढे आठवडे याच क्षणासाठी जेवलो, असंही त्यांच्या मनात आलं. पण त्याच वेळी नाकात दुसरं काहीतरी आलं. वास होता की आठवण, कोण जाणे; रबर वितळल्याचा तो वास. काकूंना एकदम समजलं की आपण पुन्हा टेबलाकडे बघतोय, यंत्रांकडे बघतोय, आणि जळतंय ते भलतीकडेच.

"ऐकलं हो," काकू म्हणाल्या. "ऐकलं मी."

त्यांनी वाटी ओढली. चार चमचे साखर ग्लासात पडेपर्यंत अर्धी टेबलावर सांडली. पाणी घातलं, ढवळलं, आणि पाठ न वळवता त्या सगळा ग्लास प्यायल्या. पिताना डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ग्लास दातांवर वाजत होता. मग स्टुलावर बसल्या, तोंड भिंतीकडे करून. मागचा आवाज आधी हळू झाला, मग दोन थेंबांच्या मधलं अंतर वाढलं, मग पुढचा थेंब आलाच नाही. ऊन भिंतीवर स्थिर झालं. काकूंनी बोटाला टोचून आकडा पाहिला, आणि वर जाऊन ताट वाढून घेतलं.

वन्सं परत आल्या त्या डोळ्यांत औषध घातल्यामुळे चाचपडतच. काकूंनी त्यांना सांगितलं. वन्सं ऐकता ऐकता पुढे सरकल्या.

"आणि तू बघितलंच नाहीस?"

"नाही."

"मी असते तर बघितलं असतं," वन्सं म्हणाल्या. त्या गोड आवाजातली धार काकूंना लगेच कळली.

"वन्सं," काकू म्हणाल्या, "बघत बसले असते तर आज तुम्हाला आम्ही दोघंही दिसलो नसतो."

दोन-चार दिवसांनी वन्संनी आपली खुर्ची वरून खाली आणली आणि वाळवायच्या खोलीच्या दाराशी मांडली. कारण सांगितलं नाही, आणि काकूंनी विचारलं नाही. दुपारी काकू टेबलाच्या कोपऱ्यावर ताट घेऊन जेवतात, वेळेवर, सगळं, आणि वन्सं दाराशी बसून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचतात. बातम्या, जाहिराती, हरवले-सापडले, जे असेल ते. ही काकूंचीच विनंती. दुकान एकदम शांत झालं, की त्यांचा कान अजूनही मागे जातो, पोट भरलेलं असलं तरी.

वन्सं चांगलं वाचतात. फक्त कधीकधी एखाद्या ओळीच्या मध्येच त्यांचा आवाज थांबतो, कागद मांडीवर येतो आणि मान मागे, वाळवायच्या खोलीकडे वळते. काकू घास हातात धरून खाली बघत राहतात.

"वाचा, वन्सं," त्या म्हणतात. "थांबू नका."